सासुरवाडीतलं साहस शिबिर

मुलांना स्वावलंबी करायचं असेल तर त्यांना डोंगरावर न्या, जंगलात न्या, फार तर माझ्या वर्गात आणून बसवा. पण स्वतःच्या सासुरवाडीला नेऊ नका. हे वाक्य मी शाळेच्या फळ्यावर सुविचार म्हणून लिहिणार होतो. मुख्याध्यापकांनी लिहू दिलं नाही. सुविचारात सासुरवाडी येत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

खरं तर सगळं त्यांच्याच मोबाइलमुळे झालं. आमचे मुख्याध्यापक दुर्गाप्रसाद तिवारी यांनी कुठल्याशा शाळेच्या साहस शिबिराचा व्हिडिओ पाहिला. त्यात लहान लहान मुलं दोरीला धरून नाला ओलांडत होती, चिखलातून सरपटत होती आणि शेवटी एकमेकांच्या गळ्यात पडून हसत होती. "कॉन्फिडन्स देखो, कापगते सर! टीमवर्क देखो!" असं म्हणत त्यांनी तो व्हिडिओ मला तीनदा दाखवला. कापगते म्हणजे मी, ओमेश कापगते. गोंदियात एका प्राथमिक शाळेत चौथीला शिकवतो, मुर्रीला राहतो आणि व्हिडिओ तीनदा पाहिला की होकार देतो.

पालकसभेत मी शिबिराची कल्पना मांडली. मुलं दोन दिवस स्वतःचं स्वतः करतील, तंबू ठोकतील, रस्ता शोधतील, आत्मविश्वास वाढेल, वगैरे. भाषण रंगात आलं होतं. तेवढ्यात पिंकीचे वडील राजदीप रामटेके उभे राहिले. हे तिरोड्याच्या वीज प्रकल्पात शिफ्टला जातात आणि झोप पुरी न झाल्यामुळे फार खरं बोलतात. "सर, तुमचा मुलगा हिमांशू याच वर्गात आहे ना? त्याच्या डब्याचं झाकण अजून शिपाई उघडून देतो म्हणते आमची पिंकी. तो काय तंबू ठोकणार?"

सभा हसली. तिवारी सर हसले. दाराशी उभा असलेला शिपाईसुद्धा हसला, आणि झाकण तोच उघडत असल्यामुळे त्याचं हसणं पुराव्यासारखं झालं.

आम्हा तलाव बांधणाऱ्या कोहळी लोकांना दोन गोष्टी सहन होत नाहीत. एक म्हणजे तलावाची पाळ फुटलेली, आणि दुसरी म्हणजे चारचौघांत कापलेलं नाक. मी टेबलावर हात आपटला. "दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही सगळे जेवायला या. माझा हिमांशू चूल पेटवेल. ही सगळी मुलं मिळून स्वयंपाक करतील आणि तुम्हाला वाढतील. एका मोठ्या माणसाचा हात जरी पळीला लागला, तर पुन्हा शिबिराचं नाव काढणार नाही!"

"बात पक्की," तिवारी सर लगेच म्हणाले. "हाथ लगा, तो अगले साल से हॉल में कंप्यूटर कैंप." माणूस कबूल करतोय असं दिसलं की हे फार चपळ होतात.

हिमांशू पहिल्या बाकावर बसला होता. त्याचे कान लाल झाले होते. त्या दिवशी घरी आल्यावर त्याने आईकडे काडेपेटी मागितली आणि अंगणात बसून एकेक काडी ओढू लागला. बहुतेक मोडल्या. एक पेटली तेव्हा घाबरून त्याने ती कुंडीत टाकली. नाक माझं होतं आणि काड्या तो ओढत होता.

आता शेजाऱ्यांचा विषय. मुर्रीत बातमी पोचायला मोबाइल लागत नाही, शेजारचे भोजराजभाऊ पुरतात. एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाले, पण अजून प्रत्येकाला कुठे चालला आणि परत केव्हा, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत. ते सकाळीच आले.

"सर, जंगलात नेऊन राहिले म्हणे पोरायले? एक काम करा. हरेक पोराजवळ शिट्टी द्या. वाघ आला का वाजवाची."

"शिट्टीनं वाघ पळतो का भाऊ?"

"वाघ नाई पळत. पण बाकीच्यायले समजते ना!"

पलीकडच्या कलाबाईंनी मुलांच्या खिशात तिखटाची पुडी ठेवायला सांगितलं, अस्वलाच्या डोळ्यांत टाकायला. अस्वल एवढ्या जवळ येईपर्यंत मुलाने थांबावं, अशी त्यात योजना होती. मी दोघांचे आभार मानले. मास्तराने सगळ्यांचे आभार मानायचे असतात.

मग परवानग्या. तलावाकाठच्या एका सरकारी विश्रामस्थळी शिबिर घ्यावं म्हणून मी अर्ज घेऊन एका कार्यालयात गेलो. कोणत्या, ते सांगत नाही. मला त्याच जिल्ह्यात नोकरी करायची आहे. तिथल्या बाबूंनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "यात धोका आहे का?"

"अजिबात नाही साहेब."

"मग साहस कसलं?"

"म्हणजे थोडासा आहे."

"धोका असेल तर परवानगी नाही."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांनीच दया येऊन 'साहस' खोडून 'निसर्ग निरीक्षण' लिहायला सुचवलं. तसं लिहिल्यावर तो विषय त्यांच्या टेबलाचा राहिला नाही. पुढच्या टेबलावर मुलांच्या आरोग्याचा दाखला मागितला. दवाखान्यात गेलो तर डॉक्टर म्हणाले, कोणी आजारी असेल तर दाखला देता येतो, सगळेच ठणठणीत असताना मी लिहू काय? तोही कसाबसा मिळवला, तेव्हा कळलं की त्या आठवड्यात विश्रामस्थळ रिकामंच नाही. तिथे अधिकाऱ्यांचं ताणमुक्ती शिबिर होतं.

मी घरी येऊन खाटेवर आडवा झालो. माझी बायको दुर्गेश्वरी भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माझ्या माहेरी घ्या ना. तलाव आहे, आमराई आहे, धान निघाल्यावर बाबांच्या शेतातल्या बांध्या रिकाम्याच पडल्या आहेत."

कोहमाऱ्याहून आत वळलं की सावरबोडी लागतं. तिथे तलाव, नाला, टेकडी, सगळं होतं. परवानगी म्हणजे सासऱ्यांना एक फोन. मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं. पण मी एक गोष्ट विसरलो. मी त्या गावचा जावई आहे.

आमच्याकडे जावई ही काय चीज असते, हे ज्याला ठाऊक नाही त्याने एकदा सावरबोडीत जावई होऊन पाहावं. एका घरचा जावई तो गावाचा जावई. आमच्या लग्नानंतर एकदा मी जेवण झाल्यावर स्वतःचं ताट उचललं. सासऱ्यांनी रात्रीच माझ्या वडिलांना फोन करून विचारलं, आमच्याकडून काय चुकलं? तेव्हापासून मी त्या गावात बसलेल्या जागेवरून हलत नाही. आणि जावयाबरोबर आलेली माणसं म्हणजे जावयाइतकीच मानाची. मी तर वर्गच्या वर्ग घेऊन चाललो होतो.

फोनवर मी सासऱ्यांना, उदारामजींना, बजावून सांगितलं. "मामाजी, फक्त जागा द्या. मुलांना सगळं स्वतः करायचं आहे. तुम्ही काही म्हणजे काही करू नका."

"काई नाई करत जवाईबापू. तुमी फक्त या," ते म्हणाले. माझा विश्वास बसला, यावरून माझं सासऱ्यांविषयीचं अज्ञान दिसतं.

गाडी वेशीवर थांबली तर डफडं वाजायला लागलं. वेशीवर कमान होती. कोहमाऱ्याच्या मंडपवाल्याकडे एकच कमान शिल्लक होती, त्यामुळे तिच्यावर 'शुभविवाह' लिहिलेलं होतं. पिंकीने ते मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, "सर, कोणाचं लग्न आहे?" माझ्याबरोबर आलेल्या निशा मेश्राम मॅडम तोंडावर पदर धरून दुसरीकडे पाहू लागल्या.

सासूबाई धुरपताबाई परात आणि तांब्या घेऊन उभ्या होत्या. पाहुण्याचे पाय धुतल्याशिवाय त्या कोणाला उंबरठा ओलांडू देत नाहीत. "सासूबाई, एवढी मुलं आहेत, राहू द्या," मी म्हणालो. "राहू देऊ? लेकरं वाऱ्यावरचे हायेत का?" त्या म्हणाल्या आणि बसल्या. गावच्या चार बाया मदतीला आल्या. पहिला कार्यक्रम 'आपलं सामान आपण उचलू' असा होता. मुलं पाय धुऊन घेत होती तोवर सामान घराघरांत जाऊन पोचलं. एका मुलीची पिशवी संध्याकाळी परत आली, तेव्हा तिच्यात ओटीचे तांदूळ आणि नारळ निघाला.

तंबू ठोकायचे होते. बांधीत झालरीचा मंडप उभा होता, खाली गाद्या, गाद्यांवर पांढऱ्या चादरी, कोपऱ्यात पंखा. डिसेंबरात पंखा. मी सासऱ्यांकडे पाहिलं. ते म्हणाले, "हे आमी नाई केलं. मंडपवाल्यानं केलं."

नाल्यावर दोरी बांधायची होती. आम्ही पोचलो तर सासरे ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन हजर. "पोरायचे पाय ओले होतीन ना जवाईबापू."

"मामाजी, ते ओले व्हावेत म्हणूनच आणलं आहे त्यांना."

"पाय ओले कराले एवढ्या दूर कायले आनलं? गोंदियात नालीले पानी नाई का?"

याला अध्यापनशास्त्रात उत्तर नाही. मुलं ट्रॉलीत चढली आणि गाणी म्हणत नाला ओलांडून गेली.

चिखलात सरपटण्याच्या जागेवर कोणीतरी हिरवी मॅट अंथरली होती. टेकडीवर रस्ता शोधायचा होता, तर प्रत्येक फाट्यावर एकेक चुलतसासरे चहाची किटली घेऊन उभे, "इकडून या बाबू, तिकडं काटे हायेत." खजिना शोधण्याच्या खेळासाठी मी सगळ्यांची नजर चुकवून झाडांच्या ढोलीत, दगडांखाली, विहिरीच्या काठावर चिठ्ठ्या लपवल्या होत्या. नाश्ता होईपर्यंत गावकऱ्यांनी त्या सगळ्या गोळा करून माझ्या हातात आणून दिल्या. "सर, तुमचे कागद पडून होते. वारा हाये, सांभाळून ठेवत जा." खजिना म्हणून लपवलेला बिस्किटांचा पुडासुद्धा दोरी बांधून परत आला. एवढी प्रामाणिक माणसं असली की खेळ होत नाही.

मुलांना सकाळी मजा वाटली. दुपारी ती कंटाळली. संध्याकाळी सहावं का सातवं खाणं समोर आलं तेव्हा काही मुलं अक्षरशः पळाली आणि दोन आज्या वाट्या घेऊन त्यांच्या मागे पळाल्या. साहस म्हणून जे काय झालं ते एवढंच.

हिमांशू माझ्याजवळ येऊन बसला. घरी मी पप्पा, शाळेत सर. शिबिरात काय म्हणायचं ते त्याचं ठरत नव्हतं. "पप्पा... सर, आपण कधी काही करणार?"

"उद्या."

"मला चूल पेटवायची आहे. उद्या सगळे येतील. पिंकीचे बाबा येतील." त्याने खिशातून काडेपेटी काढून दाखवली. "आता मला येते. एका काडीत येते."

मला भरून आलं, आणि रागही आला, सगळ्यांचा. मी तडक सासऱ्यांकडे गेलो. अंगणात आचारी बसला होता, शेजारी तेलाचे डबे. उद्याचा बेत ठरत होता. पुऱ्या, बासुंदी, वड्या, दोन भाज्या.

"मामाजी, उद्या मुलं खिचडी करतील. मी सभेत शब्द दिलाय. मोठ्या माणसाचा हात लागला तर माझं नाक जाईल."

उदारामजी खाटेवरून उठून बसले. "अन् माह्यं नाक? मुख्याध्यापक साहेब, एवढे मायबाप, सावरबोडीत येतीन अन् लेकरायच्या हातचं कच्चं-पक्कं खाऊन जातीन? उदारामच्या घरी आचारी नाई, असं सांगत फिरतीन गोंदियात! काऊन जवाईबापू, आमचे हात मोडले का?"

दोन नाकं समोरासमोर होती, आणि त्या अंगणात त्यांचं नाक वडीलधारं होतं. मी बायकोकडे पाहिलं. ती आईजवळ बसून मटार सोलत होती. "मी माहेरी आलीय," ती म्हणाली. "मला नका सांगू."

मी मंडपात परत गेलो आणि निशा मॅडमना म्हणालो, संपलं. पुढच्या वर्षी कंप्यूटर कैंप. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही जावई आहात सर, म्हणून तुमचं चालत नाही. मुलांचं चालेल कदाचित." माझ्यामागे हिमांशू आणि पिंकी उभे होते, हे मी तेव्हा पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुलांचे गट नाश्त्याला वेगवेगळ्या घरी वाटून दिले होते. आणि काय कुणास ठाऊक, त्या सकाळी मुलं एकदम गोड झाली. "आजी, भातुकली खेळायला मूठभर तांदूळ दे ना." "मामी, थोडी तुरीची डाळ दे." "काकू, एक कांदा." पाहुण्याच्या लेकराने मागितलं आणि सावरबोडीने नाही म्हटलं, असं आजवर झालेलं नाही. मूठभर मागितलं तिथे पायलीभर मिळालं. एका घरून तर भात शिजवायचा गंज मिळाला, चांगला दोघांनी उचलावा एवढा. भातुकलीला एवढा मोठा कायले, असं त्या बाईंनी विचारलं. पिंकीने सांगितलं, आमची बाहुली मोठी आहे.

मग हिमांशू आबाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, मांडीवर जाऊन बसला. "आबाजी, लपाछपी खेळू. सगळ्या गावानं खेळायचं. डाव तुमच्या सगळ्यांवर."

"अरे, मले कामं हायेत बाबू. आचारी..."

"आबाजी, आम्ही पाहुणे आहोत."

उदारामजी उठले. पाहुणा म्हणाला म्हणजे उठलंच पाहिजे. गावातली सगळी मोठी माणसं, बाया, आचारी, त्याचे दोन गडी, मंडपवाला, ग्रामपंचायतीच्या भिंतीकडे तोंड करून ओळीने उभे राहिले. डोळ्यांवर कोणाचा दुपट्टा, कोणाचा पदर. "पाचशेपर्यंत मोजायचं," पिंकीने बजावलं. "आणि डोळे उघडले तर डाव परत."

"पप्पा सर, तुम्हीपण," हिमांशू म्हणाला. मीही उभा राहिलो. सासऱ्यांच्या शेजारी, चुन्याच्या भिंतीला नाक लावून.

मोजणी सुरू झाली. दीडशेपर्यंत ठीक गेलं. पुढे सासरे अडखळले.

"एकशे साठ... एकशे एकसठ... एकशे पन्नास..."

"उदारामभाऊ, मागं काऊन येऊन राहिले?" आचारी ओरडला.

"मी बरोबर हाव. तू चुकून राहिला."

"डोळे झाकून लबाडी नोका करू!"

भांडण पेटलं, पण डोळे कोणी उघडले नाहीत, कारण डोळे उघडले तर डाव परत. शेवटी न्यायाने ठरलं की लेकरांशी बेइमानी नको, पुन्हा एकपासून मोजू. ते पुन्हा एकपासून झालं, आणि आणखी एकदा झालं. मुलांना एवढा वेळ मिळाला, जेवढा त्यांनी मागितलाही नव्हता.

आमची तिसरी मोजणी तीनशेच्या आसपास असताना मागे गाडी थांबल्याचा आवाज आला. दारं उघडली.

"कापगते सर?" हा तिवारी सरांचा आवाज होता. "ये सब दीवार की तरफ मुँह करके क्यों खड़े हैं? क्या गलती की इन्होंने?"

मी वळलो. तिवारी सर, राजदीप रामटेके, बाकीचे पालक, सगळे पाहत होते. माझ्या नाकाला चुना लागला होता. ज्या नाकाची एवढी काळजी केली, ते पांढरं होऊन सगळ्यांसमोर आलं. शेजारी सासरे डोळ्यांवर दुपट्टा बांधून अजून मोजत होते. "पाहुने आले का? थांबा, दोनशे राहिले."

"लेकरं कुठं आहेत?" रामटेके म्हणाले.

खरंच, कुठं होती? तलाव, नाला, टेकडी, भोजराजभाऊंची शिट्टी, सगळं एकदम आठवलं. तेवढ्यात तलावाच्या पाळीमागून धूर वर चढताना दिसला. आम्ही सगळे पळालो. मी, तिवारी सर, पालक, मागून लुगडं सावरत गाव, आणि सगळ्यांत शेवटी उदारामजी, कारण त्यांनी पाचशे पूर्ण केले.

पाळीच्या पायथ्याशी दोन मुलं काठ्या घेऊन उभी होती. "मोठ्यांना आत येता येणार नाही. हात पाठीमागे बांधले तर सोडतो." तिवारी सरांनी निमूट हात पाठीमागे बांधले. त्यांच्या मागोमाग सगळ्यांनी.

आमराईच्या सावलीत तीन दगडांची चूल पेटली होती. तिच्यापुढे उकिडवा बसून हिमांशू फुंकत होता. डोळ्यांतून पाणी, गालांवर काजळी, केसांत राख. पिंकी दोन हातांनी पळी फिरवत होती. कोणी पळसाची पानं पुसत होतं, कोणी काड्या मोडून देत होतं, कोणी उगाच ओरडत होतं. बाजूच्या दगडावर निशा मॅडम बसल्या होत्या, हात पदराखाली. "मी हात लावलेला नाही," त्या तिवारी सरांना म्हणाल्या. "नुसती बसले होते. फार अवघड आहे हो, नुसतं बसणं."

रामटेके माझ्याजवळ सरकले. "सर, एका काडीत पेटवली का यानं?"

"तीन लागल्या," हिमांशू चुलीपुढूनच म्हणाला. त्याने खरं सांगितलं म्हणून एका काडीत चूल पेटवली असती त्याहून मला तो जास्त आवडला. छाती भरून आली माझी, लपवत कशाला बसू?

पण शिबिर अजून सुटलं नव्हतं. गर्दी बाजूला झाली आणि धुरपताबाई पुढे आल्या. त्यांनी चूल पाहिली, खालून करपत असलेली खिचडी पाहिली, आपल्या पाहुण्यांच्या अंगावरची राख पाहिली. त्यांचा चेहरा उतरला. "घरी पुऱ्या हायेत, बासुंदी हाये," त्या म्हणाल्या. "अन् माह्ये लेकरं इथं धुपलेलं खातीन? माह्या हातचं काऊन नाई आवडलं बाबू?"

त्या पदर खोचून चुलीकडे निघाल्या. त्यांचा हात पळीला लागला असता तर सगळं संपलं असतं. तिवारी सर बघत होते. मी तोंड उघडलं, पण जावयाच्या तोंडून सासूला 'थांबा' निघेना.

हिमांशू उठला. त्याने आजीचा हात धरला, पळसाचं एक पान जमिनीवर टाकलं आणि म्हणाला, "आजी, तू बस."

"मी कायले बसू? आधी पाहुने..."

"आज तू पाहुणी. बस ना. पहिलं तुलाच वाढतो."

धुरपताबाई बसल्या. बसल्या म्हणजे पाय दुखत असल्यासारख्या हळूहळू टेकल्या, आणि इकडेतिकडे पाहू लागल्या, कोणी रागावतं की काय. हिमांशूने खिचडी वाढली, अर्धी पानावर, अर्धी मातीवर. त्यांनी घास घेतला. सगळं गाव, शाळा आणि आचारी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते.

"मीठ नाई पडलं," त्या म्हणाल्या. मग दुसरा घास घेतला. मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "लग्न होऊन आली तेव्हापासून आधी कोणी जेवाले नाई बसवलं मले. आनखी वाढ."

तिवारी सरांनी हात पाठीमागे बांधलेलेच ठेवून मान हलवली. "हर साल होगा," ते म्हणाले. "मगर नमक का ध्यान रखना." पालक रांगेत बसले. आचारी सगळ्यांत पुढे बसला.

मी समाधानाने झाडाला टेकलो. आपण काही केलं नाही तरी सगळं चांगलं झालं, असं मला वाटू लागलं होतं. तेवढ्यात सासूबाईंना ठसका लागला. घासात अख्खी मिरची आली होती.

"पानी!" सासरे तात्काळ उठले. दहा माणसं उठली.

"बसा सारे," त्या म्हणाल्या. ठसकत ठसकत त्यांनी मान फिरवली आणि थेट माझ्याकडे पाहिलं. "जवाईबापू, तुमी आना."

उदारामजींनी हळूच देवाचं नाव घेतलं. माझ्या बायकोने पोरांच्या मागे तोंड लपवलं, पण खांदे हलत होते. मी लोटा उचलला आणि पाळीखालच्या हापशीकडे निघालो.

हापशी जुनी होती. दांडा दाबला की पाणी यायचं, आणि मी लोटा घेऊन पुढे पळेपर्यंत थांबायचं. पुन्हा मागे, दांडा, पुन्हा पुढे, कोरडं. लोटा खाली ठेवला तर धार त्याच्या बाजूने गेली. नंतर लोटा कलंडला. पाळीवरून साऱ्या गावाचे हात शिवशिवत होते. एवढ्या वर्षांत जावयाला घाम आलेला त्यांनी पहिल्यांदाच पाहिला, आणि तो थांबवायची त्यांना मनाई होती. माझा शर्ट भिजला, बुटांत पाणी गेलं, लोटा रिकामाच.

काजळीने माखलेलं एक पोरगं पाळ उतरून आलं. त्याने माझ्या हातातला लोटा घेतला आणि तोटीखाली धरला.

"तुम्ही हापसा, मी धरतो," हिमांशू म्हणाला. मग माझं तोंड पाहून, मी वर्गात रोज म्हणतो त्याच आवाजात त्याने पुढे सांगितलं, "घाबरू नका, पप्पा. सुरुवातीला नाही येत कोणालाच."

मी हापसू लागलो. लोटा भरला, हिमांशू तो आजीला देऊन परत आला. सासूबाईंचा ठसका पहिल्याच लोट्यात थांबला होता, हे मला खालूनही स्पष्ट दिसत होतं. तरी त्यांनी वरून हाक मारली, "जवाईबापू, आनखी एक!"